चार-पाच भेटींचा उपचार

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात शाळेचे वर्ष शेतीला आणि स्थलांतराला बांधलेले असते. सोयाबीन सोंगणीला आले की वर्गातली बाके रिकामी दिसू लागतात. दिवाळीनंतर बंजारा तांड्यांतली कर्ती माणसे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर नाहीतर पुण्या-मुंबईकडच्या बांधकामांवर जातात आणि मागे राहिलेली मुले आजीच्या भरवशावर किंवा वसतिगृहात राहून दहावी-बारावीचा अभ्यास करतात. यांतल्या एखाद्या मुलाची झोप उडाली, जीव घाबरा होऊ लागला, कशातच मन लागेना, तर त्याला ‘सहा महिने दर आठवड्याला वाशीमला ये’ असे सांगून काही साधत नाही. तो पहिल्या भेटीनंतर येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नसेल. किशोरवयीनांच्या अल्पकालीन समुपदेशनाचा विचार इथूनच सुरू करायला हवा. शिक्षक, आशाताई, वसतिगृहांचे अधीक्षक, समाजकार्याचे विद्यार्थी असे जे कुणी या विषयाकडे पहिल्यांदाच वळत आहेत, त्यांच्यासाठी ही प्रस्तावना आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. शेजारचे मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गुजरात होते. तेच प्रमाण इथे धरले तर साठ मुलांच्या वर्गात चार मुले येतात. शिक्षकांना ती ठाऊक असतात, पण वेगळ्या नावांनी: सारखे डोके दुखणारा, गैरहजर राहणारी, अचानक अभ्यासात मागे पडलेला, कुणाशी न बोलणारी.

अल्पकालीन समुपदेशनाच्या उपचाराची मुळे जुनी आहेत. अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याचा विचारांशी असलेला संबंध उलगडला. १९७१मध्ये डीझुरिला आणि गोल्डफ्राइड यांनी समस्या सोडवणे हे शिकवता येणारे कौशल्य आहे, असे मांडले. पुढे १९९६मध्ये नील जेकबसन यांच्या चमूने नैराश्यावरच्या उपचाराचे भाग सुटे करून तपासले, तेव्हा रुग्णाला पुन्हा कामाला, माणसांत आणि आवडीच्या गोष्टींत आणणारा एकटा भागही संपूर्ण उपचाराइतकाच उपयोगी ठरला. माझ्या मते अल्पकालीन उपचाराचा खरा पाया इथे आहे. भेटी कमी करणे म्हणजे उपचार पातळ करणे, हा समज त्यामुळे टिकत नाही. कोणता भाग ठेवायचा हे कळले, की थोड्या भेटी पुरू शकतात. मराठीला हे विचार परके नाहीत. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘आयपीएच’ या संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा घराघरांत नेली.

प्रत्यक्ष भेटीत काय घडते? समजा, तांड्यावरून एसटीने शाळेत येणारी दहावीतली एक मुलगी आहे. गणिताच्या तासाआधी तिच्या पोटात कळ येते आणि ती घरी निघून जाते. समुपदेशक तिला विचारते, “तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?” बऱ्याच वेळाने ती म्हणते, “सर फळ्यापाशी बोलावतात अन् मले काहीच सुचत नाही. सारे हासतात.” हीच तिची समस्या, आणि वहीत ती याच शब्दांत लिहायची. शून्य ते दहात त्रास किती? ती आठ म्हणते. मग मार्ग काढायचे, आणि ते तिने काढायचे. शाळा सोडून देते, हाही तिने सुचवलेला एक मार्ग असेल. तोही खोडून न काढता लिहून घ्यायचा. प्रत्येकाचे बरेवाईट दोघींनी मिळून बघायचे. शेवटी ती ठरवते की आदल्या संध्याकाळी मैत्रिणीबरोबर दोन गणिते सोडवायची आणि सरांना, आधी माझी वही पाहा, असे सांगायचे. पुढच्या भेटीत आधी एवढेच विचारायचे: केलेस का, काय झाले? मैत्रीण आली नसेल तर मार्ग बदलायचा. चौथ्या भेटीपर्यंत आठाचे पाच होतात. गणिताची भीती गेलेली नसते, पण ती तासाला बसू लागते आणि पुढची अडचण याच रीतीने हाताळता येते हे तिला कळलेले असते. या सगळ्यात समुपदेशकाने एकदाही “अगं, एवढं काय टेन्शन घेतेस?” असे म्हटलेले नसते. नव्या माणसाला सर्वांत अवघड जाते ते हेच.

या पद्धतीची भारतातली एक काटेकोर तपासणी १९९६मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने केली. ‘प्राइड’ या तिच्या प्रकल्पात दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांमधले २५१ विद्यार्थी होते. निम्म्यांना समस्या सोडवण्याची माहिती देणाऱ्या पुस्तिका मिळाल्या; उरलेल्यांना पुस्तिकांबरोबर तीन आठवड्यांत वीस-तीस मिनिटांच्या चार-पाच भेटी मिळाल्या. या भेटी घेणारे समुपदेशक मानसोपचाराचे औपचारिक शिक्षण नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले तरुण होते. २०२०मध्ये निष्कर्ष छापून आले. सहा आठवड्यांनंतर, मुलांनी स्वतः सांगितलेल्या समस्यांचा त्रास भेटी मिळालेल्या गटात अधिक कमी झाला होता. मानसिक लक्षणांच्या प्रश्नावलीवर मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. वर्षभराच्या पाठपुराव्यात समस्यांवरचा परिणाम टिकून होता. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष त्याच्या दोन्ही बाजूंसह लक्षात ठेवावा. चार भेटींनी नैराश्य नाहीसे होते असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि मुलाच्या दृष्टीने जे सर्वांत जड आहे ते हलके झाले, याला दुय्यम यशही मानू नये. इंग्लंडमध्ये ४६५ किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही साध्या, थोडक्या मनोसामाजिक उपचारापेक्षा अधिक विशेषीकृत उपचारपद्धती सरस ठरल्या नाहीत.

गावातला माणूस हे काम करू शकेल का, याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, प्राथमिक मदत दिली आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेले. नैराश्य असलेल्या प्रौढांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कापूस-सोयाबीनच्या, कर्जाच्या आणि नापिकीच्या याच पट्ट्यात हे घडले आहे. एक काळजी मात्र घ्यावी. गुण देणारे, शिक्षा करणारे सर किंवा मॅडम त्याच मुलाचे समुपदेशक होऊ नयेत. त्यांनी मूल ओळखावे आणि पुढे पाठवावे. ते कामही मोलाचे आहे. आणि समुपदेशकाला एकटे सोडू नये. मुलाच्या संमतीने भेटीचे ध्वनिमुद्रण करून सहकाऱ्यांनी ते एकत्र ऐकावे आणि एकमेकांच्या चुका दाखवाव्यात. ही सवय नसेल तर चांगल्या प्रशिक्षणाचाही कस काही महिन्यांत उतरतो.

काही मुलांसाठी हा उपचार नाही, आणि ती ओळखणे आधी शिकावे लागते. मरणाचे विचार येत असतील, स्वतःला इजा केली असेल, भास होत असतील, खाणेपिणे सुटले असेल, तर त्याच दिवशी पालकांशी बोलून मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात न्यायचे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत फोनसेवा मराठीतही चोवीस तास मिळते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘तू जे सांगशील ते कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द कधीही देऊ नये. गुप्तता कुठवर पाळता येईल, हे पहिल्याच भेटीत साध्या शब्दांत सांगावे.

मानोऱ्यातून या विषयाला नवे काही मिळू शकते, असे मला मनापासून वाटते. पोहरादेवीच्या परिसरातल्या कितीतरी मुलांची घरची बोली गोरमाटी आहे, बाजारात वऱ्हाडी आणि वर्गात प्रमाण मराठी. त्रास सांगायला मूल यांतली कोणती बोली निवडते आणि ती बोली समुपदेशकाला येत असेल तर भेटींत काय बदलते? आईवडील हंगामाला निघून गेल्यावर चार भेटींचा परिणाम टिकतो का? घरी कुणीच मोठे नसेल तर पालकाची जागा कोणी घ्यायची, आजीने की मोठ्या बहिणीने? दिल्लीच्या शाळांमध्ये हे प्रश्न याच रूपात समोर येणार नव्हते. त्यांची उत्तरे इथल्या शाळांत आणि वसतिगृहांत, एकेका मुलाची वही नीट भरून मिळतील. त्या वहीत काय लिहायचे, शून्य ते दहाची नोंद कशी घ्यायची आणि पहिल्या भेटीत मूल गप्पच बसले तर काय करायचे, इथून अभ्यासाला सुरुवात करावी.