यो-यो: चुण्यांच्या चकत्यांची कुळकथा

अमेरिकेत आजीच्या हातची यो-यो चादर दाखवताना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. 1930च्या दशकातली मंदी, घरात चणचण, बायकांनी चिंधी न् चिंधी जपली आणि त्यातून हे घडलं. ऐकायला छान आहे, पण कापडाचा हिशेब तिला दुजोरा देत नाही.

यो-यो म्हणजे कापडाची गोल चकती. तिची कड पाव इंच आत दुमडायची, दुमडीवरून धावदोरा घालत गोल फिरून यायचं आणि दोरा ओढायचा. नाडी ओढल्यावर बटव्याचं तोंड मिटावं तशी चकती मिटते. मग गाठ मारून ती बोटांनी दाबून सपाट करायची. चुण्यांची बाजू वर राहते, मधोमध बारीकसं भोक. साडेचार इंचांच्या चकतीचा यो-यो होतो दोन इंचांचा. 80 बाय 96 इंचांच्या चादरीला असे 1,920 यो-यो लागतात आणि त्यांत जाणारं कापड चादरीच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ चौपट भरतं. गोल कापताना उरलेले कोपरे वेगळेच. जिला खरोखर कापड वाचवायचंय ती चौकोन कापून जोडेल, ते दुप्पट दुमडून घालवणार नाही.

तरी 1920 ते 1940च्या दशकांत या चादरी घरोघरी झाल्या, कारण त्यांनी वेगळंच काही वाचवलं. अमेरिकन क्विल्ट तीन थरांची असते: वर जोडकाम, मध्ये कापसाची लादी, खाली अस्तर. लादी विकत आणायची. सिनसिनाटीची स्टर्न्स अँड फॉस्टर कंपनी ‘माउंटन मिस्ट’ नावाने ती विकत असे आणि वेष्टणाच्या आत क्विल्टचा नमुनाही छापून देत असे. शिवाय तिन्ही थर ताणून धरायला मोठी लाकडी चौकट लागायची. ती मांडली की खोली अडलीच, आणि टाके घालायला शेजारणी बोलवाव्या लागायच्या. यो-योला लादी नको, अस्तर नको, चौकट नको, शेजारीण नको. सुई, दोरा आणि मूठभर चकत्या ओच्यात घेऊन चुलीपाशी बसा नाहीतर ओसरीवर, मुलाला झोपवता झोपवता दोन होतात. म्हणजे काटकसर होती ती जागेची आणि तुकड्यातुकड्याने मिळणाऱ्या वेळेची.

कापडाचा तुटवडाही समजतो तेवढा सरसकट नव्हता. पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून येई आणि बायका ती उसवून कपडे शिवत. हे ध्यानात आल्यावर गिरण्यांनी पोत्यांवर फुलं, ठिपके, चौकडी छापायला सुरुवात केली. सेंट लुईसच्या जॉर्ज पी. प्लँट मिलिंग कंपनीचं ‘गिंगहॅम गर्ल’ पीठ 1920च्या दशकाच्या मध्यात चौकडीच्या पोत्यांतून विकलं जाऊ लागलं. शंभर पौंडांचं पोतं उसवलं की वारभराहून जास्त कापड मिळे. फ्रॉक बेतून उरलेल्या वाकड्यातिकड्या तुकड्यांतून चौकोन निघाला नाही, तरी बशी ठेवून गोल आखता येई. जुन्या यो-यो चादरींत हीच छापील फुलं दिसतात.

नाव आलं खेळण्यावरून. फिलिपिन्सहून आलेल्या पेद्रो फ्लोरेसने 1928 साली कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरात यो-यो बनवायचा कारखाना काढला. खेळणं झपाट्याने पसरलं, धंदा लवकरच डोनाल्ड डंकनच्या हाती गेला आणि दोरीवर फिरणाऱ्या त्या चकतीचं नाव दोऱ्याने ओढलेल्या या चकतीलाही चिकटलं. पुढे डंकनच्या कंपनीने या नावावर मालकी सांगितली. 1965 साली न्यायालयाने ती नाकारली, कारण तोवर शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला होता. शिवणाऱ्या बायकांनी तर तो कधी विचारून घेतलाच नव्हता. ब्रिटनमध्ये याच चकत्यांना ‘सफक पफ’ म्हणतात.

या कामात एक खोच आहे. नवशिका माणूस नीटस दिसावं म्हणून बारीक टाके घालतो आणि नेमकं तिथेच फसतं: बारीक टाक्यांच्या चुण्या बारीक आणि पुष्कळ होतात, त्या मध्ये दाटतात आणि भोक मोठं राहतं. टाके लांब घातले की चुण्या मोजक्या पडतात आणि तोंड घट्ट मिटतं. दोरा दुहेरी किंवा जाड हवा, नाहीतर ओढताना तुटतो आणि सगळं पहिल्यापासून. तयार यो-यो कडेला कडा लावून चार जागी चार-चार टाक्यांनी जोडतात. चार यो-योंमध्ये चांदणीसारखी फट राहते. त्या फटींतून रंग दिसावा म्हणून बायका खाली गडद चादर अंथरत.

आपल्या गोधडीशी तिचं नातं एवढंच, की दोन्हींत धावदोरा आहे. गोधडीत तो जुन्या लुगड्यांचे थर बांधतो आणि ऊब देतो. यो-यो चादर हिवाळ्यात काडीच्या उपयोगाची नाही. ती पलंगाचा दागिना आहे. तीन थर नाहीत म्हणून काटेकोर क्विल्टवाले तिला क्विल्ट म्हणत नाहीत, आणि व्याख्येपुरते ते बरोबरच आहेत.

पुढे चादरी मागे पडल्या, चकत्या टिकल्या. इलॅस्टिकमध्ये यो-यो ओवून हातापायांचे विदूषक झाले, आता केसांच्या पिना, ब्रोच, पिशव्यांवरची फुलं होतात. जपानच्या क्लोव्हर कंपनीने प्लास्टिकचा साचा काढला. त्याच्या खाचांतून सुई घातली की टाक्याची लांबी आपोआप ठरते, अंदाज करावा लागत नाही.

जुन्या बाजारांत मात्र चादरींपेक्षा खोके जास्त सापडतात, न जोडलेल्या शेकडो यो-योंचे. हजार-बाराशेवर पोचून कंटाळणं अगदी स्वाभाविक आहे. असे खोके घेऊन लोक आता चादरी पुऱ्या करतात. त्यामुळे जुनी म्हणून घेताना नुसती फुलं बघून भागत नाही. दोन यो-यो जिथे जोडलेत तिथला दोरा बघावा. तो पॉलिएस्टरचा निघाला, तर कापड 1930च्या दशकातलं असलं तरी चादर तेव्हाची नव्हे.