खुर्ची मोडणारी कर्णधार

परवा कोंडाण्याच्या माळावर भाची बॅट घेऊन उतरली आणि मला पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी आठवल्या. लेगस्पिनर, १९८५ चा अर्जुन पुरस्कार, १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात कर्णधार. पण मला त्यांचा दुसरा डाव मोठा वाटतो. २००६ मध्ये महिला क्रिकेट संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा सचिव त्याच होत्या. म्हणजे आपली खुर्ची आपणच मोडायची! तोवर मुली अनारक्षित डब्यातून सामन्यांना जात.

सौदा तोट्याचा होता का? आधी तसंच वाटलं. २००६ नंतर थेट २०१४ पर्यंत एकही कसोटी नाही. मग २०२२ मध्ये पुरुषांइतकं सामना मानधन, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळला विश्वचषक!

भाचीला हे सगळं सांगत बसलो. ती म्हणाली, "मामा, बॉल टाक ना!"