अन्वस्त आणि लॉगरिदम यांवरील उदाहरणे

शालेय व महाविद्यालयीन बीजगणितातील उदाहरणांचे दोन वर्ग. अन्वस्त (पॅराबोला) हा वर्गफलाचा आलेख आहे. लॉगरिदम म्हणजे ठरावीक पायाचा कोणता घात घेतला असता दिलेली संख्या मिळते, ते सांगणारा घातांक. विषय वेगळे असले, तरी दोहोंवरील बरीच उदाहरणे शेवटी वर्गसमीकरणापाशीच येतात. वर्गसमीकरणाला दोन मुळे मिळाली, तरी ती दोन्ही मूळ उदाहरणाची उत्तरे असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक चलाला कोणत्या किमती घेता येतात, हे पाहणे हा रीतीचाच भाग ठरतो.

अन्वस्त : अन्वस्तावरील प्रत्येक बिंदू नाभी हा स्थिर बिंदू आणि नियत रेषा यांपासून सारख्याच अंतरावर असतो. अक्ष उभा असल्यास अन्वस्ताचे समीकरण य = अक्ष² + बक्ष + क असे मांडतात; येथे अ शून्य नसतो. अ धन असेल तर वक्र वर उघडतो, ऋण असेल तर खाली. उदाहरण सोडविण्याची मुख्य रीत पूर्ण वर्गाची आहे. समजा, य = २क्ष² − १२क्ष + १३ हा वक्र दिला आहे. पहिल्या दोन पदांतून २ बाहेर काढून कंसात ९ मिळवले व त्याबद्दल बाहेर १८ वजा केले, की य = २(क्ष − ३)² − ५ हे रूप मिळते. यावरून शिरोबिंदू (३, −५), अक्ष क्ष = ३ आणि य ची किमान किंमत −५ हे लगेच कळते. हेच समीकरण (क्ष − ३)² = ½(य + ५) असे लिहिले, तर शिरोबिंदूपासून नाभीचे अंतर १/८ येते. म्हणून नाभी (३, −३९/८) आणि नियत रेषा य = −४१/८.

वक्र व रेषा यांच्या छेदाचा प्रश्न विवेचकाने सुटतो. य = क्ष² या वक्राला य = क्ष + क ही रेषा कधी स्पर्श करते, ते पाहू. दोन्ही समीकरणांवरून क्ष² − क्ष − क = ० मिळते व त्याचा विवेचक १ + ४क आहे. तो शून्य असताना, म्हणजे क = −१/४ असताना, रेषा स्पर्शिका होते. क याहून मोठा असेल तर दोन छेदबिंदू मिळतात, लहान असेल तर एकही नाही. स्पर्शिका काढण्यासाठी येथे कलनशास्त्राची गरज पडत नाही.

लॉगरिदम : पाया धन व १ हून भिन्न असावा लागतो आणि ज्या संख्येचा लॉग घ्यायचा ती धन असावी लागते. खुद्द लॉगची किंमत मात्र धन, ऋण किंवा शून्य कोणतीही असू शकते. या दोन गोष्टींची गल्लत हे चुकांचे नेहमीचे कारण आहे.

लॉग₂ क्ष + लॉग₂ (क्ष − ६) = ४ या उदाहरणात गुणाकाराचा नियम लावला की क्ष(क्ष − ६) = १६, म्हणजेच क्ष² − ६क्ष − १६ = ० मिळते. मुळे ८ आणि −२. पहिले ताडून पाहता ३ + १ = ४ येते. दुसरे त्याज्य आहे, कारण −२ चा लॉग अस्तित्वातच नाही. आलेखावर पाहिले, तर य = क्ष(क्ष − ६) हा अन्वस्त य = १६ या रेषेला दोन ठिकाणी छेदतो, पण लॉगचे समीकरण क्ष = ६ च्या उजवीकडचाच भाग विचारात घेते.

उलट (लॉग₁₀ क्ष)² − लॉग₁₀ क्ष − २ = ० या समीकरणात लॉग₁₀ क्ष = प मानले, तर प = २ किंवा −१ येतो. −१ दिसताच तो खोडणे चूक ठरेल. त्यावरून क्ष = १/१० मिळतो व तो प = २ वरून येणाऱ्या १०० इतकाच योग्य आहे. मात्र ४^क्ष − २^क्ष − १२ = ० मध्ये २^क्ष = प मानल्यावर येणाऱ्या ४ व −३ पैकी −३ सोडावाच लागतो, कारण २ चा कोणताही वास्तव घात ऋण नसतो.

मुळे वाढतात तशी हरवतातही. लॉग₂ (क्ष²) = ६ याची उत्तरे ८ आणि −८ अशी दोन आहेत. घातांक पुढे आणून २ लॉग₂ क्ष = ६ लिहिले, की दुसरे उत्तर नाहीसे होते.

कमाल-किमान किमतींच्या उदाहरणांत दोन्ही विषय एकत्र येतात. लॉग₁₀ (क्ष² − ६क्ष + १०९) याची किमान किंमत काढताना आतील पदावली (क्ष − ३)² + १०० अशी लिहितात. ती १०० हून लहान होत नाही आणि पाया १० असताना संख्या वाढेल तसा लॉगही वाढतो, म्हणून किमान किंमत २.

इतिहास : अन्वस्तासह शंकुच्छेदांचा अभ्यास ग्रीक गणितात झाला. अन्वस्ताचा जीवेने कापलेला खंड हा त्याच पायावरील व त्याच उंचीच्या त्रिकोणाच्या ४/३ पट असतो, हे आर्किमिडीजने सिद्ध केले. वर्गसमीकरणाच्या दोन्ही बाजूंना ४अ ने गुणून ब² मिळवण्याची श्रीधराची रीत भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात उद्धृत केली आहे. त्यात पूर्ण वर्ग करताना अपूर्णांक येत नाहीत. लॉगरिदमची पहिली कोष्टके स्कॉटलंडच्या जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. हेन्री ब्रिग्ज यांनी १० हा पाया घेऊन १६१७ मध्ये १ ते १,००० या संख्यांची कोष्टके छापली.

गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करणे हे लॉगचे मूळ काम. तेच काम वर्गांनीही होते. अब = ¼[(अ + ब)² − (अ − ब)²] या नित्यसमानतेवर आधारलेली चतुर्थांश वर्गांची कोष्टके १९व्या शतकात प्रचारात होती; जोसेफ ब्लाटर यांनी १८८८ मध्ये २,००,००० पर्यंतची कोष्टके दिली. आलेखावरही हे दाखवता येते. य = क्ष² वरील (−अ, अ²) व (ब, ब²) हे बिंदू जोडणारी रेषा य-अक्षाला नेमकी अब या उंचीवर छेदते.

उपयोग : अन्वस्ताच्या अक्षाला समांतर येणारे किरण परावर्तनानंतर नाभीत एकवटतात. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना याच गुणधर्मावर काम करतात. द्रावणाचा पीएच व ध्वनीचे डेसिबेल ही मापे लॉगवर आधारलेली आहेत. महाराष्ट्रात बारावीच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या परीक्षांत गणकयंत्राऐवजी लॉग टेबल वापरण्याची पद्धत रूढ आहे. प्रयोगातील मापे य = कक्ष² या नियमाने बांधलेली आहेत का, हे तपासतानाही लॉग कामी येतो. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला, की लॉग य = लॉग क + २ लॉग क्ष ही सरळ रेषा मिळते. तिचा चढ २ आला, तर मापांमागचा वक्र अन्वस्त आहे असे मानण्यास आधार मिळतो, आणि ती रेषा लॉग य च्या अक्षाला जेथे छेदते तेथून क ची किंमत निघते.