ट्रान्झिशनच्या काळात खऱ्या लिंगभावात पूर्णवेळ राहणे

जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि मनाला जाणवणारा लिंगभाव वेगळा असेल, तर अनेक जण ट्रान्झिशनच्या एका टप्प्यावर घरी, कॉलेजात, कामावर अशा सर्व ठिकाणी आपल्या खऱ्या लिंगभावात राहू लागतात. हा मानसिक आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ही स्थिती मानसिक विकारांत मोडत नाही.

ही परीक्षा आहे का?
नाही. पूर्वी जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेआधी सलग १२ महिने असे राहण्याची अट होती. २०२२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या आठव्या आवृत्तीत ती नाही. तरीही काही डॉक्टर याबद्दल विचारतात, म्हणून त्यांच्या अपेक्षा आधीच समजून घ्या. सुरुवात कधी आणि कुठून करायची, हे तुम्ही ठरवा. आधी घरी, मग मित्रांमध्ये, नंतर कामावर असा क्रमही चालतो.

शरीराची काळजी
• छाती सपाट दिसण्यासाठी बाइंडर वापरत असाल तर दिवसाला ८ तासांहून जास्त घालू नका. झोपताना आणि व्यायाम करताना काढा. क्रेप बँडेज किंवा चिकटपट्टी गुंडाळू नका. श्वासाला त्रास होतो, बरगड्यांना इजा होऊ शकते.
• टेस्टोस्टेरॉनमुळे आवाज जाड होतो. इस्ट्रोजेनमुळे तो बारीक होत नाही. त्यासाठी स्पीच थेरपिस्टची मदत घ्या.
• हार्मोन्स स्वतःच्या मनाने घेऊ नका. पुढे मूल हवे असेल तर शुक्राणू किंवा स्त्रीबीजे जतन करण्याबद्दल उपचारांपूर्वीच विचारा.

घरच्यांसाठी
मराठीत ‘तू कधी आलास?’ की ‘कधी आलीस?’ या साध्या प्रश्नातही लिंग येते, म्हणून चुका दिवसभर होऊ शकतात. चूक झाली तर लगेच सुधारा आणि पुढे बोला; लांबलचक माफीने समोरची व्यक्तीच अवघडते. नवीन नाव पाहुण्यांसमोरही वापरा. मात्र त्यांना काय सांगायचे, हे आधी तिला किंवा त्याला विचारा.

कामावर
२०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शिक्षण, नोकरी आणि आरोग्यसेवेत भेदभावाला मनाई केली आहे. सुरुवातीच्या दिवसाआधी विश्वासातल्या वरिष्ठांशी बोलून घ्या.

तातडीने मदत कधी घ्यावी?
इस्ट्रोजेन घेताना एका पायाला सूज, छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालयात जा. जगणे नकोसे वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही फोन करा.