जुन्या घरातलं बाथरूम नव्याने करताय? टाइल्स शेवटी निवडा

नागपुरात महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत बाथरूम नव्याने करायचं ठरलं की घरचे आधी टाइल्सच्या दुकानात जातात. डोकेदुखी मात्र फरशीखाली असते.

जुने जीआय पाइप आतून गंजून अरुंद होतात. अर्धेच बदलले, तर उरलेल्यांपायी नवी फरशी पुन्हा फोडावी लागू शकते. सगळी लाइन एकदाच बदला; गिझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप चालतो. संडासची जागा हलवायची असेल तर गडर लाइनपर्यंत पुरेसा उतार मिळतो का, हे प्लंबरकडून आधी मोजून घ्या. मिळत नसेल तर आहे तिथेच बरा.

कॉलम-बीम नसलेल्या घरात छताचा भार विटांच्या भिंतीच पेलतात. त्यांत पाइपसाठी लांब, खोल आडवी झिरी मारू देऊ नका. भिंत पाडायचीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवा आणि खालच्या छताला ओल येते का ते बघा. मिस्त्री घाई करेल, ऐकू नका. टाइल्स त्यानंतरच. फरशीला मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर उतार हवा आणि घरात आजी-आजोबा असतील तर चकचकीत टाइल नकोच.