जुन्या गाडीला घरीच एलईडी बसवताय? मागचे दिवे आधी, हेडलाईट सगळ्यात शेवटी

गाळप हंगाम सुरू झाला की रात्री एकाच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या आणि घरी परतणाऱ्या दुचाक्या असतात. अशात जुन्या चारचाकीचा मिणमिणता टेललाईट मागच्याला दिसत नाही. उलट समोरून पांढराशुभ्र एलईडी डोळ्यात आला की दुचाकीवाला सरळ साईडपट्टीवरून खाली उतरतो. बरेच जण आता ऑनलाईन बल्ब मागवून घरीच बदलतात. काम अवघड नाही, पण कोणता दिवा आधी बदलायचा हे कळलं पाहिजे.

सुरुवात मागून करावी. ब्रेक लाईटच्या साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजेड यायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी लगेच लागतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी मागची गाडी तेवढ्यात चार मीटरच्या वर पुढे येते. म्हणजे एलईडीचा खरा फायदा इथेच आहे.

काम सुरू करताना गाडी बंद करून बॅटरीची मायनसची वायर आधी काढावी. ब्रेक आणि टेल एकाच बल्बात असेल तर खाली दोन कॉन्टॅक्ट असलेलाच एलईडी घ्यावा. याच्या पिना खालीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो, जोर लावू नये. पार्किंगच्या छोट्या टी-१० बल्बचं वेगळं आहे. तो उलटा बसला तर एलईडी लागतच नाही. खराब निघाला म्हणून परत पाठवण्याआधी काढून, फिरवून बसवून बघावा.

लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या काचेमागे पिवळा, हा साधा नियम. पांढरा टाकला की लाल काचेतून उजेड फिका, गुलाबीसर दिसतो. अपवाद एकच: ज्या गाडीत टेलच्याच बल्बचा उजेड नंबर प्लेटवर पडतो तिथे पांढरा लागतो, नाहीतर प्लेट लाल दिसेल. दुचाकीत असं बऱ्याचदा असतं. बसवून झाल्यावर रात्री एकाला मागे उभं करून ब्रेक दाबून बघावा. टेल आणि ब्रेकच्या उजेडात ठळक फरक दिसला नाही तर तो बल्ब काही कामाचा नाही.

इंडिकेटर जोरात का फडफडतो?

साधा इंडिकेटर बल्ब २१ वॅटचा असतो, एलईडी त्यापेक्षा फारच कमी करंट घेतो. फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला, म्हणून तो भराभर टिकटिक करतो. यावर एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवणं हा सरळ उपाय. जुना दोन पिनचा असेल आणि नवा तीन पिनचा आला तर तिसरी वायर अर्थिंगला द्यावी लागते. नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो, तिथे लोक ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर जोडतात. तो हात लावता येणार नाही इतका तापतो. पत्र्यावरच स्क्रूने बसवावा, प्लास्टिकला किंवा वायरिंगला टेकू देऊ नये. वॉरंटीतल्या गाडीची वायर तर कापूच नये.

हेडलाईटची गोष्ट वेगळी

एच-४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याची तार जिथे असते तो बिंदू धरूनच मागचा आरसा बनवलेला असतो. एलईडीच्या चिप त्याच जागी आल्या नाहीत तर उजेड वर आणि आजूबाजूला फुटतो. गाडीवाल्याला वाटतं भारी उजेड पडला, पण तो झाडांच्या शेंड्यावर असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की समोर ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत.

म्हणून आधी दुसरे उपाय करून बघावेत. पिवळी पडलेली प्लास्टिकची काच पॉलिश करावी. जुन्या बारीक वायरिंगमुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, तिथे बॅटरीवरून फ्यूज टाकून रिले लावून घ्यावी. एवढ्यानेच आहे त्या हॅलोजनचा उजेड वाढतो. वायरिंग तीच ठेवून १०० वॅटचे बल्ब टाकू नयेत, होल्डर वितळतो.

तरीही एलईडीच हवा असेल तर जुना बल्ब काढण्याआधी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून डिपरच्या उजेडाची वरची कड खडूने आखून घ्यावी. नवा बल्ब बसवताना चिपची तोंडं डावी-उजवीकडे यावीत, डिपरच्या चिपखालचा वाटीसारखा पत्रा खालच्याच बाजूला राहावा. उजेड खडूच्या रेघेच्या वर गेला तर बल्बाची कॉलर फिरवून बघावी. तेवढ्याने जमलं नाही तर जुना बल्ब परत लावावा. निळसर झाक असलेला बल्ब घेऊच नये.

मागचं रबरी कव्हर पंख्याला अडतं म्हणून बरेच जण ते काढून टाकतात. मग शेतातली धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा आत जाऊन आरसा काळा पडतो. कव्हर बसत नसेल तर बुटक्या मापाचा बल्ब घ्यावा. काढलेले जुने बल्ब फेकू नयेत, दोन जादा फ्यूजसोबत गाडीतच ठेवावेत.