जुन्या पानांची झाडलोट

कोल्हापुरी चपलेविषयीची युनिकोडपूर्व फाँटमधील मराठी पाने त्या काळी वाचकाला नीट दिसत. शोधयंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी भासते. परिणामी देवनागरीत शोध घेणारे गिऱ्हाईक त्या कारागिरापर्यंत पोहोचतच नाही. अशा पानांचे प्रथम युनिकोडमध्ये रूपांतर करावे. सरसकट पुसण्याची घाई नको. जुन्या मजकुरालाही संदर्भमूल्य असते. एकाच विषयावरील तुटपुंजी पाने एकत्र करून जुन्या पत्त्यांना ‘३०१’ हे कायमचे वळण द्यावे. खरोखर टाकाऊ पान ‘४१०’ संकेताने हटवावे. गूगलने २०११ मध्ये ‘पांडा’ बदल लागू केल्यापासून निकृष्ट पानांचा भार संपूर्ण संकेतस्थळाला भोवू शकतो. नुसती तारीख बदलणे ही धूळफेकच. चपलेला २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी ४ जिल्ह्यांसाठी आहे. तशी नोंद पानावर हवी.